शिकारी कुत्रा मोकळा सोडला, तर तो मोकाट ठरतो का?

अमेरिकेत कुत्रा पाळला की शेजारीपाजारी पहिली गोष्ट सांगतात ती लीशची. घराबाहेर पडायचं तर कुत्रा बांधलेला हवा, नाहीतर दंड. आणि त्याच गावाला लागून असलेल्या रानात, नोव्हेंबरच्या एखाद्या सकाळी, चार-पाच बीगल सशाच्या मागावर भुंकत सुसाट पळत असतात. एकाच्याही गळ्यात दोरी नाही, मालक मागे कुठेतरी झाडीत. तरी त्याला कुणी दंड करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच दिवशी कायदेशीर कशा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

थोडक्यात उत्तर असं, की सूट शिकारीच्या कामाला आहे, कुत्र्याच्या जातीला नाही. काम चालू असेपर्यंत सूट लागू. काम थांबलं, की तोच बीगल कायद्याच्या नजरेत शेजारच्या घरातल्या पूडलसारखाच. अवघड भाग पुढेच आहे: काम चालू आहे हे ठरवायचं कसं, आणि लीशमधून सुटका झाली म्हणून आणखी कशाकशातून सुटका होते?

सगळ्या देशाला लागू होईल असा लीशचा एकच केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. राज्याचा एक कायदा असतो, त्याखाली काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) आणि शहराचे नियम, आणि जमीन सरकारी असेल तर ती सांभाळणाऱ्या खात्याचे आणखी वेगळे. त्यामुळे ‘अमेरिकेत नियम काय आहे?’ असं कुणी विचारलं तर पहिला प्रतिप्रश्न ‘नक्की कुठे?’ हाच असायला हवा. तरी राज्यांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक सारखेपणा दिसतो.

मेन राज्याचा कायदा सगळ्यांत आटोपशीर. कुत्रा मोकाट असणं बेकायदा, शिकारीसाठी वापरला जात असेल तेवढं सोडून. बस. मिशिगनचा कायदा 1919 सालचा आहे. तो म्हणतो, कुत्रा लीशशिवाय भटकू देऊ नये. पण मार्गदर्शक कुत्रे, राखणीचे, शेतावरचे, शिकारी अशा कामाच्या कुत्र्यांना सूट आहे, आणि तीही दोन अटींवर. कुत्र्यासोबत मालक किंवा मालकाने नेमलेला माणूस हवा, आणि ज्या कामाचं शिक्षण कुत्र्याला दिलंय ते काम त्या क्षणी प्रत्यक्ष चालू हवं. पेनसिल्व्हेनियाचा कायदा मालकापुढे पर्याय ठेवतो: कुत्रा आवारात बंदिस्त ठेवा, किंवा बांधून ठेवा, किंवा तो कुणाच्या तरी वाजवी ताब्यात असू द्या. आणि कायदेशीर शिकार, प्रदर्शन, स्पर्धा किंवा रानातलं प्रशिक्षण चालू असेल तर कुत्रा मोकळा असला तरी चालेल. कनेक्टिकटही हेच सांगतं, पण शिकारीच्या किंवा प्रशिक्षणाच्या खुल्या हंगामापुरतं.

व्हर्जिनियाचं कलम मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं. स्थानिक मंडळाला तिथे मोकाट कुत्र्यांवर बंदी घालता येते. पण मोकाट कुणाला म्हणायचं हे राज्याने बांधून दिलंय. मालकाच्या जागेबाहेर आणि मालकाच्या तात्काळ ताब्याबाहेर असलेला कुत्रा मोकाट. मात्र हंगामात, परवानाधारक शिकाऱ्यासोबत, खऱ्याखुऱ्या शिकारीवर असलेला कुत्रा मोकाट नाही. स्पर्धेत किंवा प्रशिक्षणाच्या काळात मालक सोबत असेल तरीही नाही.

यातला एकेक शब्द उगाच आलेला नाही. हंगाम संपल्यावर आठवड्याने कुत्रा रानात सापडला, तर ‘हा शिकारी कुत्रा आहे’ एवढं म्हणून भागत नाही. परवाना नसेल तर सूट नाही. कुत्रा स्वतःच कुंपणावरून उडी मारून रात्री हरणामागे गेला असेल तर सोबत कुणी नव्हतं, म्हणजे पुन्हा सूट नाही. मागच्या अंगणातून सटकलेला कूनहाउंड (रॅकूनच्या शिकारीचा कुत्रा) कितीही नावाजलेल्या रक्ताचा असो, तो मोकाटच.

पेनसिल्व्हेनियाच्या कलमातला ‘कायदेशीर’ हा शब्द तर एकदम पुष्कळ दारं बंद करतो. शहराच्या हद्दीत बंदूक चालवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे तिथे बंदुकीची शिकार कायदेशीर नसते, आणि तिच्यासाठीची सूटही आपोआप गळून पडते. शहरातल्या बागेत लॅब्रॅडॉरला रबरी डमी आणायला शिकवणाऱ्या माणसाने ‘आम्ही शिकारीची तयारी करतोय’ असं सांगितलं तर पोलीस बहुधा ऐकून घेईल आणि पावती फाडेल. तसंच शिकारीच्या पद्धतीचं. अस्वलामागे किंवा प्यूमामागे कुत्रे सोडायला काही राज्यांनी मनाई केली आहे: कोलोरॅडोने 1992 साली अस्वलांसाठी, ओरेगॉनने 1994 साली आणि वॉशिंग्टनने 1996 साली, तिन्ही ठिकाणी थेट मतदारांच्या कौलाने. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2012 साली अस्वल आणि बॉबकॅट (तिथलं रानमांजर) यांच्यासाठी तसा कायदा केला. अशा ठिकाणी त्या प्राण्यामागे हाउंड, म्हणजे माग काढणारे शिकारी कुत्रे, सोडले तर लीशचा मुद्दा मागेच पडतो, मूळ कृत्यच गुन्हा ठरतं.

हरणाचंही असंच. व्हर्जिनिया, जॉर्जिया, फ्लोरिडा अशा दक्षिणेकडच्या राज्यांत कुत्र्यांनी हरीण उठवण्याची जुनी रीत आहे. पण व्हर्जिनियातही ती ब्लू रिज डोंगराच्या पूर्वेकडे. पश्चिमेकडच्या काउंट्यांमध्ये मनाई. एकाच राज्यात, डोंगराच्या एका अंगाला जे काम, ते दुसऱ्या अंगाला गुन्हा.

ताबा म्हणजे नक्की काय?

लीश हे ताब्याचं सगळ्यांत सोपं माप आहे. दोरी हातात आहे की नाही, पाहिलं की कळतं. दोरी सुटली की वाद सुरू होतो.

शिकारी कुत्रे सगळे एका पद्धतीने काम करत नाहीत, हे इथे लक्षात घ्यावं लागतं. रिट्रिव्हर हा बदकाच्या शिकारीत मालकाच्या पायाशी बसून राहतो आणि हुकूम मिळाला की पक्षी आणायला जातो. पॉइंटर आणि सेटर पुढे पुढे वास घेत फिरतात, पण शिटीच्या टप्प्यात. या दोघांना ताब्यात आहे म्हणणं सोपं. हाउंडचं काम मुळातच वेगळं. तो नाकाने माग काढतो, एकदा वास लागला की हाकेला दाद देत नाही, आणि काही किलोमीटर जातो. मालक त्याच्या भुंकण्यावरून अंदाज बांधतो: माग धरलाय, माग सुटलाय, रॅकून झाडावर चढलाय. जुने कूनहाउंडवाले अंधारात नुसत्या आवाजावरून आपला कुत्रा कोणता आणि तो काय करतोय हे सांगतात. कौशल्य मोठंच. पण शेजारच्या शेतकऱ्याने ‘तुमचा कुत्रा तुमच्या ताब्यात होता का?’ असं विचारलं, तर या उत्तराने त्याचं समाधान होणं कठीण.

आता जीपीएस कॉलर आल्या आहेत. हातातल्या पडद्यावर प्रत्येक कुत्रा नकाशावर दिसतो, काही कॉलरमधून दुरूनच बीप किंवा सौम्य झटका देऊन कुत्र्याला थांबवता येतं. मग पडद्यावर दिसतोय म्हणजे ताब्यात आहे का? मेनचा कायदा मोकाटपणाची व्याख्या करताना अशा माणसाची अपेक्षा धरतो, ज्याची जातीने हजेरी आणि लक्ष कुत्र्याचं वागणं आवरू शकेल. तीन किलोमीटरवरचा पडदा या मापात बसत नाही. तिथल्या हाउंडवाल्याला वाचवतं ते शिकारीचं वेगळं कलम. व्हरमाँटने 2022 साली कायोटीच्या (लांडग्यासारख्या एका रानटी प्राण्याच्या) मागे कुत्रे सोडण्यासाठी परवाना सक्तीचा केला, आणि ज्या जमिनीवर कुत्रे सोडायचे तिच्या मालकाची परवानगीही. त्यानंतर नियम लिहिताना वाद झडला तो याच मुद्द्यावर: कॉलरने दुरून मिळतो त्याला ताबा म्हणावं का? माझं मत विचाराल तर, कुत्रा कुठे आहे हे कळणं आणि तो थांबवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता माग दाखवणारी कॉलर फक्त पहिलं काम करते.

साध्या पाळीव कुत्र्याला ई-कॉलर घालून ‘ही माझी अदृश्य लीश’ म्हणणारेही भेटतात. ते चालतं की नाही हे गावाच्या नियमातल्या शब्दांवर ठरतं. नियमात लीश आणि तिची लांबी दिली असेल तर हवेतली लीश उपयोगाची नाही.

कुंपणापलीकडे गेलेला कुत्रा

सगळ्यांत जास्त भांडणं होतात ती इथे. हाउंडला सर्व्हे नंबर कळत नाहीत. ससा कुंपणाखालून गेला की बीगलही जातो. कुत्रा मोकाट नव्हता असं धरलं तरी तो आता परक्या जमिनीवर आहे, आणि त्याला आणायला माणसालाही तिथे पाऊल टाकावं लागणार.

व्हर्जिनियात समजा असं झालं: तुमच्या परवानगीच्या जमिनीवर सशाचा पाठलाग सुरू झाला आणि तीन बीगल शेजारच्या, ‘प्रवेश बंद’ पाटी लावलेल्या जमिनीत घुसले. तुम्हाला त्यांना आणायला जाता येतं, परवानगी न घेता. पण बंदूक किंवा धनुष्यबाण अंगावर असता कामा नये आणि तिथे शिकार करायची नाही. पिकअप घेऊन आत जायचं असेल तर मालकाला विचारावंच लागतं. आत असताना मालकाने नाव विचारलं तर सांगायला हवं. नकार दिला तर तो क्लास 4 मिस्डिमीनर, म्हणजे तिथल्या गुन्ह्यांच्या उतरंडीतली सगळ्यांत खालची पायरी, दंड 250 डॉलरपर्यंत. आणि पाठलाग दुसरीकडे सुरू झालेला असणं ही मूळ अट. पाटी लावलेल्या जमिनीवर मालकाच्या संमतीशिवाय मुद्दाम कुत्रे सोडले तर त्याला वेगळं कलम आहे आणि तो थेट गुन्हा आहे.

यात एक गंमत आहे. कोल्ह्याची आणि रॅकूनची शिकार करणाऱ्यांना याच कलमात जास्त मोकळीक आहे. त्यांना पाठलाग करत कुत्र्यांच्या मागोमाग परक्या जमिनीवर जाता येतं, बाकीच्यांना फक्त कुत्रे परत आणायला. ज्या राज्यात जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः माउंट व्हर्ननला फॉक्सहाउंड पाळत होता आणि ज्याने 1966 साली अमेरिकन फॉक्सहाउंडला राज्याचा अधिकृत कुत्रा केलं, तिथे याचं फार आश्चर्य वाटायला नको.

मिनेसोटातही परवानगीशिवाय आत जाता येतं, पण पायी, बंदुकीशिवाय, आणि कुत्रा मिळाला की लगेच बाहेर. मिशिगन आणखी एक अट घालतं: जमीनमालकाने आधी तोंडी किंवा लेखी मनाई केलेली नसेल तरच. हा फरक छोटा वाटतो, पण सगळा तराजू फिरवतो. मिशिगनमध्ये वैतागलेल्या मालकाला एकदा ‘पुन्हा येऊ नका’ म्हणून दार बंद करता येतं, व्हर्जिनियात येत नाही. आणि ज्या राज्यात असं कलमच नाही तिथे साधा अतिक्रमणाचा कायदा लागू. आधी फोन, मग फाटक. मालक ऐकत नसेल तर वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला बोलवायचं. स्वतः कुंपण ओलांडायचं नाही.

जॉर्जियाने भांडण मुळातच छाटायचा प्रयत्न केला. कुत्र्यांनी हरणाची शिकार करायची तर जमिनीचा सलग तुकडा मोठा हवा: स्वतःच्या मालकीची असेल तर किमान 250 एकर, भाडेपट्ट्याने घेतलेली असेल तर 1,000 एकर. त्या जमिनीसाठी परवाना काढायचा आणि त्याचा क्रमांक कुत्र्यावर आणि गाडीवर दिसला पाहिजे. कुत्र्याला हद्द कळत नाही हे मान्य, मग हद्दच लांब ठेवा, असा हा हिशेब. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण तक्रार आली की कुत्रा कुणाचा हे शोधत बसावं लागत नाही. अर्थात 1,000 एकर भाड्याने घेणं एकट्यादुकट्याचं काम नाही, त्यामुळे तिथे कुत्र्यांनी हरीण उठवणं हा क्लब करून करायचा उद्योग होतो.

शिकारी कुत्र्यालाही लीश लागते ती वेळ

नॅशनल पार्क सेवेचा सर्वसाधारण नियम आहे की पाळीव प्राणी पिंजऱ्यात किंवा सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या लीशवर हवा. त्यांच्या ताब्यातल्या काही क्षेत्रांत शिकारीला परवानगी असते. तिथे राज्याचे, केंद्राचे आणि त्या क्षेत्राच्या अधीक्षकाचे नियम पाळून कुत्रे वापरता येतात. नॅशनल फॉरेस्टमध्ये सहा फुटांची अट कॅम्पग्राउंडसारख्या बांधीव जागांपुरती आहे. म्हणजे गाडी लावलेल्या ठिकाणी, तंबूपाशी, शौचालयाजवळ बीगल बांधलेला हवा आणि रानात शिरल्यावर सोडता येईल. बरेचजण पार्किंगमध्येच गाडीची मागची फळी उघडून कुत्रे सोडतात, आणि तिथेच अडकतात.

वसंत ऋतूचंही असंच. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी मिनेसोटात 16 एप्रिल ते 14 जुलै सार्वजनिक जमिनीवर शिकारी कुत्र्यांना शिकवायला मनाई असते, खास परवाना असेल तर सोडून. तितराच्या पिल्लांवर सेटर सोडून पुढच्या हंगामात तितर कुठून यायचे, हे शिकाऱ्यांनाही पटतं, त्यामुळे या नियमावर फारशी कुरकुर ऐकू येत नाही.

आणि एक प्रकार असा, जिथे लीशमुळेच काम कायदेशीर होतं. जखमी हरीण रक्ताचा माग सोडत झाडीत गेलं की ते शोधायला कुत्रा लागतो. पण हरणामागे कुत्रा सोडायला उत्तरेकडच्या बऱ्याच राज्यांत बंदी. तोडगा असा, की माग काढणारा कुत्रा लांब लीशवर ठेवायचा आणि माणसाने दोरी धरून मागे चालायचं. न्यूयॉर्कमध्ये यासाठी वेगळा परवाना असतो. पेनसिल्व्हेनियाने 2018 साली याला मान्यता दिली. इथे दोरी सुटली तर सूटही सुटली.

सूट कशातून मिळत नाही

ज्यांच्याकडे शिकारी कुत्रे आहेत त्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथे आहे. लीशच्या नियमातून सूट म्हणजे कुत्र्याने केलेल्या नुकसानीतून सूट नव्हे.

मिशिगनचंच उदाहरण घ्या. कुत्रा चावला आणि चावलेला माणूस रस्त्यावर किंवा कायदेशीरपणे कुणाच्या जागेत होता, त्याने कुत्र्याला डिवचलं नव्हतं, तर मालक भरपाई देणं लागतो. कुत्रा शिकारीवर होता का, हा प्रश्नच तिथे येत नाही. रस्त्यावर अपघात झाला तर फरक एवढाच: साध्या मोकाट कुत्र्याच्या बाबतीत ‘लीशचा नियम मोडला’ हाच निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे करता येतो. शिकारी कुत्र्याच्या बाबतीत ती सोय जाते, पण हमरस्त्याला लागून हाउंड सोडणं शहाणपणाचं होतं का, हे विचारायला कोर्ट मोकळं राहतं.

गुराढोरांचं तर आणखी कडक. पेनसिल्व्हेनियात पाळीव जनावराचा पाठलाग करताना, त्याला जखमी करताना किंवा मारताना कुत्रा डोळ्यांदेखत सापडला, तर त्याला ठार करण्याची कायद्याने मुभा आहे. मेंढी वाचवणाऱ्या माणसाने आधी कुत्र्याची वंशावळ तपासावी अशी अपेक्षा कुणी करत नाही.

इंग्लंडच्या कायद्यात ही रेघ फार स्वच्छ काढलेली आहे, म्हणून तेवढ्यापुरतं तिकडे डोकावायला हरकत नाही. 1953 च्या पशुधन संरक्षण कायद्याप्रमाणे मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा लीशशिवाय किंवा जवळच्या ताब्याशिवाय असणं हाच गुन्हा. त्यातून कामावरचा गन डॉग (बंदुकीच्या शिकारीत मदत करणारा कुत्रा) आणि हाउंडचा ताफा यांना वगळलंय. पण वगळलंय ते फक्त तिथे मोकळं असण्याच्या गुन्ह्यातून. त्याच गन डॉगने मेंढीवर हल्ला केला किंवा तिच्यामागे धावला, तर सूट संपली. 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्यातही ठराविक रस्त्यांवर कुत्रा लीशवर ठेवण्याच्या नियमातून शिकारीच्या कामावरच्या कुत्र्याला सूट आहे, पण तो योग्य ताब्यात होता हे सिद्ध व्हायला हवं.

शेवटी, ज्यांचा शिकारीशी काही संबंध नाही पण घर रानाला लागून आहे, त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींत असे पुष्कळ. हंगामात अंगणात चिखलाने माखलेला, लांब कानांचा, अँटेनावाली जाड कॉलर घातलेला कुत्रा येऊन उभा राहिला तर तो टाकून दिलेला आहे असं लगेच समजू नका. हाउंड अंगाने सडपातळच असतात, उपाशी वाटतात. कॉलरवर बहुधा फोन नंबर असतो, त्यावर फोन करा. पाणी द्यायला हरकत नाही. नंबर नसेल तर काउंटीच्या प्राणी नियंत्रण खात्याला कळवा. हंगाम नसताना किंवा पुन्हा पुन्हा असं होत असेल तर तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवा, कारण सूट लागू होती की नाही हे तारखेवरच ठरतं. आणि कितीही राग आला तरी कॉलर काढून झाडीत फेकू नका. व्हर्जिनियात मालकाच्या परवानगीशिवाय, त्याला कुत्रा सापडू नये म्हणून, कुत्र्याच्या गळ्यातलं ट्रान्समीटर काढणं हा क्लास 1 मिस्डिमीनर, म्हणजे त्याच उतरंडीतली सगळ्यांत वरची पायरी आहे: 12 महिन्यांपर्यंत कैद आणि 2,500 डॉलरपर्यंत दंड.